असेंब्ली लाइनचा ताल: स्टेशन बॅलन्सिंग आणि मॉडेलांची गुंतागुंत सांभाळण्याची पद्धत

असेंब्ली लाइनजवळ दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं, तरी तिचं कुठे बिनसलंय ते दिसतं. एका स्टेशनवरच्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते आणि त्याच्या अलीकडे माल साचलेला असतो. पलीकडचा ऑपरेटर रिकाम्या हातांनी त्याची वाट बघत असतो. सुपरवायझर मग साचलेल्या ठिकाणी एक माणूस वाढवतो. दोन तासांनी माल दुसरीकडेच साचतो.

लाइन बॅलन्स करायची म्हणजे कामाचे सेकंद मोजून सगळ्यांना सारखे वाटायचे, असं बहुतेकांना वाटतं. गणित लागतंच, ते पुढे सविस्तर करूया. पण माझं ठाम मत असं की, त्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. काम नीट फोडलेलं हवं आणि ऑपरेटरच्या डोक्यावरचं निवडीचं ओझं उतरवलेलं हवं. ते न करता सूत्र लावलं, तर आहे तीच वाईट लाइन नीटनेटकी मांडून मिळते.

सगळा हिशेब एकाच उदाहरणावर करू: टेबल फॅनची असेंब्ली.

आधी ताल ठरवा

‘टॅक्ट’ हा जर्मन शब्द आहे आणि त्याचा संगीतातला अर्थ ताल. लाइनच्या शेवटी दर किती सेकंदांनी एक नग बाहेर पडला म्हणजे मागणी पुरी होईल, ते टॅक्ट टाइम सांगतो. उपलब्ध वेळेला मागणीने भागायचं.

शिफ्ट ४८० मिनिटांची. त्यातून जेवणाची ३०, चहाच्या दोन सुट्ट्यांची २० आणि सुरुवातीची तयारी व शेवटची साफसफाई यांची १० मिनिटं वजा केली की ४२० मिनिटं, म्हणजे २५,२०० सेकंद उरतात. दिवसाला ४२० पंखे हवे असतील, तर टॅक्ट टाइम ६० सेकंद.

इथे एक चूक हमखास होते: ६० सेकंदांचा टॅक्ट निघाला की स्टेशनंही ६० सेकंदांपर्यंत भरली जातात. माणूस यंत्रासारखा एकाच वेळेत काम करत नाही. स्क्रू निसटतो, क्लिप बसत नाही, हात दुसऱ्या बिनमध्ये, म्हणजे भाग ठेवायच्या डब्यात, जातो. समजा, सहा स्टेशनं आहेत, प्रत्येक स्टेशन १०० पैकी ९५ वेळा वेळेत काम संपवतं आणि मध्ये साठा अजिबात नाही. सहाही स्टेशनं एकाच फेरीत वेळेत संपण्याची शक्यता ०.९५ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ७३.५ टक्के. दर चौथ्या फेरीत कुठेतरी कुणीतरी मागे राहणार! म्हणून मी स्टेशन भरताना टॅक्टच्या ९५ टक्क्यांवर थांबतो. इथे ती मर्यादा ५७ सेकंद. हाताचं काम फार बदलतं असेल, तर ९० टक्केच धरावेत, आणि सगळ्यात जास्त चढउतार असलेल्या स्टेशनच्या दोन्ही बाजूंना एक-दोन नग मावतील एवढी जागा ठेवावी. जास्त नको. मोठा साठा दोष लपवतो.

वेळ मोजताना

घड्याळ लावायच्या आधी ऑपरेटरशी बोला. काय मोजतोय, कशासाठी मोजतोय, हे त्याला सांगितलं नाही तर तो एकतर मुद्दाम सावकाश काम करेल किंवा घाबरून जिवाच्या आकांताने. दोन्ही आकडे निरुपयोगी.

एका कामाची निदान दहा-पंधरा निरीक्षणं घ्या, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या ऑपरेटरांची. सर्वांत चपळ माणसाची वेळ प्रमाण मानू नका. तो रजेवर गेला की पूर्ण लाइन कोसळते. सरासरीबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळही लिहून ठेवा. एखाद्या कामाला कधी २० आणि कधी ४५ सेकंद लागत असतील, तर ते काम वाटण्याच्या लायकीचंच नाही. आधी तो फरक कुठून येतो ते शोधा. बहुतेक वेळा भाग नीट बसत नसतो, फिक्स्चर, म्हणजे भाग पकडून ठेवणारा साचा, झिजलेलं असतं किंवा बिन हाताच्या टप्प्याबाहेर असते.

आणखी एक रकाना ठेवा: हात किती सेकंद चालू होते आणि यंत्राची वाट किती सेकंद पाहिली. चाचणीच्या ठिकाणी हे विशेष महत्त्वाचं. पंखा फिरत असताना माणूस मोकळा असतो.

आपल्या पंख्याची दहा कामं आणि त्यांच्या वेळा अशा:

- पाया: पायात दांडा बसवून पायावर लेबल चिकटवणं, ३८ सेकंद
- स्विच पॅनल: २२ सेकंद, पायानंतर
- पॅनल वायरिंग: ३० सेकंद, स्विच पॅनलनंतर
- मोटर: ३४ सेकंद, पायानंतर
- मोटर वायरिंग: २६ सेकंद, पॅनल वायरिंग आणि मोटर दोन्ही झाल्यावर
- मागची जाळी: १८ सेकंद, मोटरनंतर
- पाती: २० सेकंद, मागच्या जाळीनंतर
- पुढची जाळी: २४ सेकंद, पात्यांनंतर
- चाचणी: ४० सेकंद, मोटर वायरिंग आणि पुढची जाळी झाल्यावर
- पॅकिंग: ४८ सेकंद, चाचणीनंतर

बेरीज ३०० सेकंद. ५७ ने भागलं तर ५.२६, म्हणजे कमीत कमी सहा स्टेशनं. हा फक्त खालचा टप्पा झाला. सहा स्टेशनांत काम बसेलच, असं हा भागाकार सांगत नाही.

कशानंतर काय: क्रमाचा नकाशा

‘कशानंतर’ हे कागदावर वर्तुळं आणि बाण काढून मांडा. ही पायरी कार्यालयात बसून उरकू नका, लाइनवर जाऊन करा. प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारायचा: हा क्रम वस्तूमुळे आहे की सवयीमुळे? मागची जाळी बसवल्याशिवाय पाती बसत नाहीत, हा वस्तूचा क्रम. लेबल सुरुवातीलाच चिकटवायचं, ही मात्र सवय. सवयीचा प्रत्येक बाण पुसला की पुढच्या गणिताला मोकळीक मिळते.

क्रमाशिवायची बंधनंही याच कागदावर लिहा. दोन कामांना एकच महागडं टूल लागतं का? एका कामासाठी पंखा आडवा करावा लागतो का? एखाद्या कामात ग्रीस आणि लगेच पुढे पांढरं प्लास्टिक, असं आहे का? ही बंधनं सूत्राला माहीत नसतात आणि पहिल्याच दिवशी ती ऑपरेटरच्या वाट्याला येतात.

काम वाटणं

या प्रश्नाला गणिताच्या भाषेत पहिल्यांदा साल्व्हसन यांनी १९५५ मध्ये मांडलं. अचूक उत्तर काढणं मोठ्या लाइनसाठी अतिशय अवघड आहे, कारण शक्यता झपाट्याने वाढतात. नुसत्या दहा कामांचे, क्रमाची बंधनं सोडून दिली तर, ३६,२८,८०० क्रम होतात. म्हणून कारखान्यात ठोकताळ्याच्या पद्धती वापरतात. हेल्गेसन आणि बर्नी यांनी १९६१ मध्ये दिलेली स्थानभाराची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती वहीत किंवा साध्या एक्सेल शीटमध्ये करता येते.

प्रत्येक कामाची स्वतःची वेळ आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या सगळ्या कामांच्या वेळा यांची बेरीज म्हणजे त्या कामाचा स्थानभार. पायाचा भार ३००, मोटरचा २१०, स्विच पॅनलचा १६६, मागच्या जाळीचा १५०, पॅनल वायरिंगचा १४४, पात्यांचा १३२, मोटर वायरिंगचा ११४, पुढच्या जाळीचा ११२, चाचणीचा ८८, पॅकिंगचा ४८. आता या उतरत्या क्रमाने एकेक काम उचला. त्याच्या आधीची कामं झाली असतील आणि स्टेशनमध्ये ५७ सेकंदांच्या आत जागा असेल तर ठेवा, नाहीतर यादीतलं पुढचं बसणारं काम बघा. काहीच बसत नसेल, तेव्हा नवं स्टेशन उघडा.

असं केलं तर सात स्टेशनं होतात. पाया एकटा, ३८. मोटर आणि स्विच पॅनल, ५६. मागची जाळी आणि पॅनल वायरिंग, ४८. पाती आणि मोटर वायरिंग, ४६. पुढची जाळी एकटी, २४. चाचणी, ४०. पॅकिंग, ४८.

पुढच्या जाळीवरचा माणूस निम्म्याहून जास्त वेळ रिकामा राहतो. इथे बरेच जण सूत्र बदलून पाहतात. तो वेळ वाया जातो, कारण सहा स्टेशनं कुठल्याच सूत्राने निघणार नाहीत. चाचणी आणि पॅकिंग एकत्र बसत नाहीत, म्हणून त्यांना दोन स्टेशनं लागतात. पायाच्या ३८ सेकंदांनंतर उरलेल्या १९ सेकंदांत बसणारं आणि क्रमात चालणारं दुसरं काम नाही, म्हणून त्याला एक. राहिलेल्या १७४ सेकंदांना तीन स्टेशनं अपुरी पडतात, कारण सरासरीच ५८ येते.

उत्तर काम फोडण्यात आहे. पायाच्या ३८ सेकंदांपैकी २६ दांडा बसवण्याचे आणि १२ लेबलचे. लेबलला पॅकिंगपूर्वी कधीही चालतं. ते चाचणीच्या स्टेशनवर नेलं की वाटणी अशी होते:

- पहिलं स्टेशन: पाया आणि स्विच पॅनल, ४८
- दुसरं: मोटर आणि मागची जाळी, ५२
- तिसरं: पॅनल वायरिंग आणि मोटर वायरिंग, ५६
- चौथं: पाती आणि पुढची जाळी, ४४
- पाचवं: चाचणी आणि लेबल, ५२
- सहावं: पॅकिंग, ४८

एक स्टेशन कमी झालं. शिवाय एक फायदा आपण मागितलाही नव्हता: लेबल आता चाचणीत पास झालेल्या पंख्यावरच लागतं. वायरिंगची दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली, त्यामुळे तारांची चूक झाली तर ती कुणाकडे शोधायची हेही स्पष्ट झालं.

कामाची मांडणी बदलण्याची ताकद पहिल्या चालत्या लाइनांपासून दिसून आलेली आहे. फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडायला वीज देणाऱ्या भागाची, असेंब्ली लाइनवर घेतली. पूर्वी एका कामगाराला एका मॅग्नेटोसाठी सुमारे २० मिनिटं लागत. काम २९ जणांत विभागल्यावर ते १३ मिनिटं १० सेकंदांवर आलं. पुढे लाइनची उंची ८ इंच वाढवल्यावर ते ७ मिनिटांवर आलं. दुसऱ्या वेळी नुसती कंबर वाकवण्याची गरज संपली होती.

कार्यक्षमता काढताना छेदात काय घेतलंय ते लिहून ठेवा. टॅक्टशी तुलना केली तर सात स्टेशनांची ३०० भागिले ४२०, म्हणजे ७१.४ टक्के, आणि सहांची ३०० भागिले ३६०, म्हणजे ८३.३ टक्के. छेदात सर्वांत भरलेल्या स्टेशनचे ५६ सेकंद घेतले तर तीच सहा स्टेशनांची लाइन ८९.३ टक्के दिसते. दोन विभाग वेगवेगळे आकडे घेऊन वाद घालतात, त्यामागे बहुधा हेच असतं.

एकाच लाइनवर अनेक मॉडेलं

इथवरचा हिशेब एकाच मॉडेलचा. आता लाइनवर साधा पंखा ६० टक्के, टायमरवाला २० टक्के आणि रिमोटवाला २० टक्के आहे असं धरू. फरक पडतो तिसऱ्या स्टेशनवर: साध्याला ५६ सेकंद, टायमरला ६६, रिमोटला ८१. भारित सरासरी काढू: ३३.६ अधिक १३.२ अधिक १६.२, म्हणजे ६३. टॅक्टपेक्षाच जास्त! लाइन रोज थोडी थोडी मागे पडत जाणार आणि सुपरवायझर रोज वेगळं कारण सांगणार.

मोह होतो तो त्या स्टेशनवर दुसरा माणूस उभा करण्याचा. तसं करू नका. जादा काम मॉडेलमुळे येत असेल, तर ते मुख्य लाइनवरून बाहेर काढायचं. रिमोटचं सर्किट बोर्ड आणि टायमर बाजूच्या टेबलावर सब-असेंब्लीत आधीच वायर लावून, टोकाला प्लग बसवून ठेवले, तर लाइनवर फक्त प्लग जोडायचा उरतो. टायमरला साध्याइतकेच ५६ आणि रिमोटला ६० सेकंद आले, तर सरासरी ३३.६ अधिक ११.२ अधिक १२, म्हणजे ५६.८. मर्यादेत बसलं. बाजूच्या टेबलाला मिनिटामिनिटाचा ताल पाळायची गरज नसते, म्हणून तिथली चढउतार लाइनला लागत नाही.

सरासरीबरोबर प्रत्येक मॉडेलची वेळही वेगळी बघा. रिमोटवाला पंखा अजूनही ५७ च्या वर आहे. लागोपाठ तीन-चार आले तर तिसऱ्या स्टेशनवर दम लागणार. म्हणून क्रम मिसळायचा. पाच पंख्यांची फेरी: साधा, टायमर, साधा, रिमोट, साधा. जपानी कारखान्यांत याला हेइजुंका म्हणतात. जड नगामागे हलका नग आला की माणूस सावरतो. नियोजन विभागाला हे पटवणं सोपं नसतं, कारण त्यांना एकेका मॉडेलची सलग बॅच सोयीची वाटते. त्यांच्यासमोर प्रत्येक स्टेशनच्या मॉडेलनिहाय वेळेचे उभे रकाने काढून ठेवा, टॅक्टची आडवी रेघ मारा, आणि सलग बॅचमध्ये रेघ कुठे ओलांडली जाते ते दाखवा. असा तक्ता, यामाझुमी, एकदा भिंतीवर लागला की त्यावरची चर्चा फार वेगळी होते.

सेकंदांत न दिसणारी गुंतागुंत

सर्वाधिक दुर्लक्ष होतं ते इथे, म्हणून जरा थांबून बघू.

चौथ्या स्टेशनवर पात्यांचे चार रंग आहेत. कुठलाही रंग बसवायला वीसच सेकंद लागतात. घड्याळात फरक शून्य. तरीही चुका याच स्टेशनवर होतात, कारण दर मिनिटाला तिथला माणूस एक निर्णय घेतो. हिक यांनी १९५२ मध्ये दाखवलं की पर्याय वाढले की निवडीला लागणारा वेळ लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतो. झू, हू, कोरेन आणि मरीन यांनी २००८ मध्ये हाच धागा मिश्र मॉडेलांच्या लाइनला लावला आणि ऑपरेटरपुढच्या निवडीची अनिश्चितता एन्ट्रॉपीने मोजली.

सूत्र सोपं आहे. प्रत्येक पर्यायाची शक्यता आणि तिचा दोनच्या पायाचा लॉगरिदम यांचा गुणाकार करा, सगळ्यांची बेरीज घ्या आणि चिन्ह बदला. उत्तर बिटमध्ये येतं. चारही रंग सारख्या प्रमाणात असतील तर २ बिट. एक रंग ७० टक्के आणि बाकी तीन प्रत्येकी १० टक्के असतील तर १.३६ बिट. आपल्या मॉडेलांचं ६०, २०, २० हे मिश्रण १.३७ बिट. रंग आणि मॉडेल या दोन्ही निवडी एकमेकींशी संबंध नसताना एकाच माणसाच्या वाट्याला आल्या, तर बिटांची बेरीज होते: सुमारे २.७३.

प्रत्येक स्टेशनच्या वेळेशेजारी हा आकडा लिहा. ५२ सेकंद आणि शून्य बिट असलेलं स्टेशन ठीक आहे. ५२ सेकंद आणि अडीच बिट असलेल्या स्टेशनवर चुका वाट बघत असतात. काम वाटताना ही दोन ओझी एकाच माणसावर टाकू नका. जिथे निवड जास्त, तिथे सेकंद कमी ठेवा. आपल्या वाटणीत रंगाची निवड ४४ सेकंदांच्या चौथ्या स्टेशनवर आहे आणि वायरिंग तिसऱ्यावर, हे बरंच झालं.

ओझं कमी करण्याचा माझा आवडता मार्ग म्हणजे किट. एका पंख्याला लागणारे सगळे बदलते भाग स्टोअरमध्येच एका ट्रेमध्ये भरायचे आणि ट्रे पंख्याबरोबर चालवायचा. लाइनवर निवड उरत नाही, ट्रेमध्ये आहे ते बसवायचं. निवड स्टोअरमध्ये सरकते, पण तिथे ती शांतपणे, यादी बघून होते. ट्रेमध्ये प्रत्येक भागाला त्याच्या आकाराचा खाचा दिला की रिकामा खाचा लगेच डोळ्यात भरतो. किट शक्य नसेल, तर बिनवर दिवा पेटवणारी व्यवस्था चालते. बारकोड स्कॅन केला की योग्य बिनचाच दिवा लागतो. दोन्ही नसतील, तर निदान एकसारखे दिसणारे भाग शेजारीशेजारी ठेवू नका. हे फुकट आहे आणि तरीही क्वचित होतं.

आणखी एक गुंता बारीक आहे. पहिल्या स्टेशनवर पायाचा रंग निवडला की तो निर्णय चौथ्यावर पात्यांच्या रंगाला बांधतो. पाया समोर दिसतो तोवर ठीक. निवड डोळ्यांना दिसत नसेल, उदाहरणार्थ मोटरचा प्रकार, तर तिची माहिती वस्तूबरोबर जायलाच हवी: रंगीत कार्ड, टॅग, काहीही. पुढच्या माणसाने लक्षात ठेवावं किंवा ओरडून विचारावं, ही पद्धत होऊ शकत नाही. आणि शेवटचा, पण खरा उपाय डिझाइन विभागाकडे असतो. तीन मॉडेलांचे प्लग, स्क्रू आणि खाचे एकसारखे केले, तर बराचसा गुंता लाइनवर येण्याआधीच मिटतो. त्यांना महिन्यातून एकदा लाइनवर उभं करा.

बदल लाइनवर उतरवताना

सगळी लाइन एका रात्रीत बदलू नका. शिफ्टच्या शेवटच्या तासात नवी मांडणी चालवून पाहा, ऑपरेटरना बोलू द्या, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करा. टूल उजवीकडे असावं की डावीकडे, हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. तासाला किती नग, किती रिवर्क (पुन्हा दुरुस्त करावे लागलेले नग), लाइन कुठे थांबली, हे फळ्यावर तासागणिक लिहा. दिवसअखेरच्या बेरजेत कारणं पुसली जातात.

प्रत्येक स्टेशन चालवू शकणारी निदान तीन माणसं तयार हवीत. कौशल्याचा तक्ता भरा आणि जिथे एकच नाव दिसेल तिथून प्रशिक्षण सुरू करा.

मागणी कमी झाली की लाइन सावकाश चालवून सहाही जणांना अर्धवट काम देऊ नका. ३५० पंख्यांची मागणी असेल तर टॅक्ट ७२ सेकंद. त्याचे ९५ टक्के म्हणजे ६८. ३०० भागिले ६८ केलं तर पाच स्टेशनांची वाटणी शोधायला हरकत नाही. पाच जणांची आणि सहा जणांची, अशा दोन वाटण्या आधीच करून, ऑपरेटरकडून चालवून घेऊन, फाइलमध्ये ठेवा. सहावा माणूस त्या दिवशी सब-असेंब्लीत किंवा प्रशिक्षणात.

पुन्हा बॅलन्सिंग कधी करायचं, याच्या खुणा आधीच ठरवा. मॉडेलांचं मिश्रण बदललं, नवा भाग आला, टॅक्ट पाच टक्क्यांहून जास्त हलला, किंवा एकाच स्टेशनवर आठवडाभर लाइन थांबत राहिली, की वेळा नव्याने मोजायच्या. सुरुवात अर्थातच त्या स्टेशनवरच्या ऑपरेटरशी बोलण्यापासून.